चोविसावा तास

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं पहिल्यांदा म्हणणाऱ्या माणसानं पाळण्यात नेमकं काय पाहिलं असेल? पंधरा दिवस झाले, ही म्हण डोक्यातून जात नाही. पायच का? पाळण्यावर वाकणारं माणूस आधी तोंड बघतं. नाक कुणावर गेलं, कपाळ कुणाचं, जावळ किती. पायांकडे नजर जाते ती सगळ्यात शेवटी, तीही बाळानं दुपटं लाथाडलं तर. म्हणजे म्हण करणाऱ्यानं दुपटं लाथाडणारं बाळ पाहिलं असावं. पायाचा जोर पाहिला असावा, आकार नव्हे. नाहीतर मग तो पाळण्याच्या पायथ्याशी बसून दोरी ओढत असेल. तिथून तोंड दिसत नाही, पाय तेवढे दिसतात. हा दुसरा अर्थ मला जास्त पटतो, कारण दोरी ओढणारी बहुतेक वेळा आजी असते.

पण पवनी तालुक्यातल्या आमच्या कोंढ्यात पाळणे कमीच. इकडे झोळी. जुन्या लुगड्याची दोन टोकं वर आड्याला बांधली की झाली. झोळीत बाळ पोटात असल्यासारखं गुंडाळून जातं. कापड दोन्ही बाजूंनी मिटतं आणि पाय तर मुळीच दिसत नाहीत. माझ्या दोन्ही मुली झोळीत वाढल्या. त्यांचे पाय मी कधी निरखल्याचं आठवत नाही. सरळ पायांकडे कोण बघतं?

नातवाचे पाय मात्र सगळ्यांनी पाहिले.

तो २०२३ च्या जानेवारीत झाला. उजवं पाऊल आत वळलेलं, टाच वर ओढलेली, तळवा डाव्या पायाकडे तोंड करून. आठवडाभरातच प्लास्टर सुरू झालं. दर आठवड्याला जुनं काढायचं, पाऊल हातानं थोडं वळवायचं, नवं घालायचं. मांडीपासून बोटांपर्यंत, गुडघा काटकोनात. अशी सहा प्लास्टरं. मग टाचेमागच्या ताठ दोरीला बारीक छेद आणि पुन्हा तीन आठवडे प्लास्टर. कापलेली दोरी त्या तीन आठवड्यांत आपोआप लांब होऊन जुळते, हे मला डॉक्टरांनी दोनदा समजावलं तेव्हा कुठं पटलं. कोंढ्याहून अड्याळ, पहेला, भंडारा आणि पुढं नागपूर. लेक एसटीच्या खिडकीशी बसायची, प्लास्टरचा पाय पदराखाली झाकून.

मार्चच्या शेवटी बूट आले. दोन छोटे बूट आणि त्यांना जोडणारी धातूची दांडी, बाळाच्या खांद्यांच्या रुंदीएवढी. वाकडा पाय ७० अंश बाहेर वळवलेला, चांगला ४० अंश. तीन महिने दिवसाचे २३ तास, त्यानंतर चार-पाच वर्षांचा होईपर्यंत रोज रात्री. प्लास्टरनं पाय सरळ होतो, पण सरळ राहतो तो बुटांमुळे. बूट सोडले तर बहुतेक पाय पुन्हा वळतात.

बघायला येणाऱ्या बाया विचारायच्या, "चांगल्या पायाले काहून बांधलं व माय?" लेक सांगायची, दांडीला दोन्ही टोकं लागतात. एकटा पाय बांधला तर तो बाहेर वळलेला राहत नाही. चांगल्या पायानं वाकड्याला धरून ठेवायचं असतं. बाया मान हलवायच्या आणि दारात जाऊन एकमेकींत ग्रहणाचं बोलायच्या. आदल्या दिवाळीत, २५ ऑक्टोबर २०२२ ला, सूर्यग्रहण होतं. त्या संध्याकाळी लेकीनं विळीवर भाजी चिरली होती, हे कुणाला तरी ठाऊक होतं. तोवर तिला सातवा महिना लागला होता. पाऊल घडून जातं ते गर्भाच्या सुरुवातीच्या महिन्यांत, आणि हजारातल्या एखाद्या बाळाचं ते असं घडतं, ग्रहण असो वा नसो. लेकीनं हे कुणालाच सांगितलं नाही. तिनं फक्त विळी उचलून आतल्या खोलीत ठेवली. ती विळी बरेच दिवस तिथंच होती आणि मीही ती बाहेर आणली नाही. का आणली नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पहिले दोन दिवस पोरगं रडून रडून लाल झालं. आम्ही हळूहळू शिकलो. मोजे सुती हवेत, पायावर सुरकुती न पडणारे. सुरुवातीचे काही दिवस दोन जोड, एकावर एक. पाऊल बुटात सरकवलं की आधी मधला पट्टा आवळायचा, कारण टाच खाली दाबून ठेवतो तो मधलाच. टाचेपाशी एक बारीक भोक असतं, त्यातून टाच दिसली तर बूट नीट बसला. टाच वर राहिली तर तिथं लाल चट्टा उठतो आणि मग फोड. कातडीवर फिकट गुलाबी खूण राहिली तर घाबरायचं नाही. तेल, पावडर, मलम काही लावायचं नाही, कातडी मऊ पडून लवकर सोलवटते. दांडीला जुन्या दुपट्याची घडी गुंडाळायची, म्हणजे ती खाटेच्या पाटीवर आपटत नाही आणि कडेवर घेणाऱ्याच्या बरगडीत रुतत नाही. पट्टा कितव्या छिद्रात जातो तिथं लेकीनं निळ्या पेनानं ठिपका केला होता. तिसरं छिद्र. कुणीही घातला तरी आवळ एकच राहावी म्हणून.

आणि खेळायला शिकवायचं. दांडी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे, एकदम सरळ करायचे, हळूहळू, गाणं म्हणत. बाळाला सुटे पाय झाडायची सवय असते. दोन्ही पाय मिळून झाडायचे असतात हे त्याला कळलं की अर्धं रडणं संपतं. आमच्या पोराला ते चौथ्या दिवशी कळलं. खाटेवर त्यानं दोन्ही पाय एकदम उचलले आणि दांडी खाली आपटली. धप्प. मग स्वतःच थबकला. मग पुन्हा धप्प.

२३ तासांनंतर उरतो एक तास, न्हाणीचा. त्या तासाला घरातलं सगळं काम थांबायचं. बूट निघाले की तो पाय हलवायचाच नाही, तसेच बाहेर फाकवून पडायचा, जणू दांडी अजून आहे. कोमट पाणी पडलं की मग एकेक बोट हलायचं.

मालिश करणारी मावशी त्याच तासाला यायची. प्लास्टरच्याही आधी, पहिल्याच दिवशी, तिनं उजवं पाऊल दोन बोटांत धरलं होतं आणि म्हणाली होती, "हाड नाही हे बाई, लोणी हाय." मी तेव्हा ते सोडून दिलं. पुढं इग्नासिओ पोन्सेटींबद्दल वाचलं. ही प्लास्टरची रीत त्यांची. १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्म, वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि पोरगा त्यांच्या दुकानात बसून बारीक चाकं जुळवायला शिकला. स्पेनच्या यादवीत जखमींची हाडं बसवली, मग देश सोडून अमेरिकेत आयोवाला गेले. तिथं त्यांनी पाहिलं की मोठ्या शस्त्रक्रिया झालेली मुलं पुढं ताठर, दुखऱ्या पायांनी चालतात. तान्ह्या बाळाच्या पावलातली हाडं अजून बरीचशी कूर्चेचीच असतात, हळुवार धरली तर हातानं वळतात, हे त्यांनी दाखवलं. १९६३ साली छापलंही. पण शस्त्रक्रियाच चालू राहिल्या. ऐंशी वर्षांचे झाले तेव्हा कुठं जग त्यांच्याकडे वळलं.

लोणी हाय, मावशी म्हणाली होती. मावशीला आयोवा माहीत नाही आणि तिच्या मालिशीनं हा पाय सरळ झाला नसता, हेही खरं. किती वळवायचं, कुठं थांबायचं, वळलेलं कसं धरून ठेवायचं, ते तिला ठाऊक नव्हतं. पण हात लावताक्षणी जे कळलं ते तिला बरोबर कळलं होतं. बूट आल्यावर मी तिला सांगितलं, गुडघ्याखाली तेल नको. तिनं एक शब्द काढला नाही. रोज गुडघ्यापर्यंत चोळायची, हात पदराला पुसायची आणि मग कोरड्या अंगठ्यानं उजव्या तळव्यावरून एकदाच हलकेच फिरवायची. मी बघून न बघितल्यासारखं करायची.

१९६३ वरून मला एक मुलगा आठवतो.

नोकरीच्या सुरुवातीला मी पवनी तालुक्यातल्याच एका गावात चौथीला शिकवत होते. नव्वदीची सुरुवात होती. तो मुलगा उजव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालायचा. तिथली कातडी टाचेसारखी जाड झाली होती. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरच्या ओल्या मातीत त्याचं पाऊल ओळखू यायचं. डावं पूर्ण, पाच बोटांचं. उजव्याची नुसती एक कड, कोयत्यासारखी. बांधीतल्या चिखलात तो इतरांइतकाच भरभर परे लावायचा, तिथं कुणाचेच पाय दिसत नव्हते. एके दिवशी मी वर्गात म्हणी शिकवत होते. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. फळ्यावर लिहिली, अर्थ सांगितला, उदाहरणं दिली. शिवबा, विनोबा. मागं वळले तर टाटपट्टीवर तो मांडी घालून बसला होता आणि पायांवर दप्तराची पिशवी ठेवलेली होती.

पिशवी आधीपासून तिथं होती का? तीस वर्षं मी ही आठवण अशी सांगत आले की म्हण ऐकून त्यानं पाय झाकले. पण मी फळ्याकडे तोंड करून होते. ओढताना मी पाहिलं नाही. कदाचित तो रोजच तशी ठेवत असेल. कदाचित पाटी मांडायला ठेवली असेल. हे मला परवा-परवा सुचलं आणि सुचल्यावर बरं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. रोज ठेवत असेल तर मी रोज कुठं बघत होते?

त्याच्या पायावरचा इलाज त्याच्या जन्माच्या वीसेक वर्षं आधी छापून आला होता. तो पवनी तालुक्यापर्यंत पोचला नव्हता. आज अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला गाडी येते. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत वाकडा पाय आहे. त्या मुलाच्या आईला कुणी काही सांगितलं होतं का, मला माहीत नाही. मीही विचारलं नाही. मी म्हणी शिकवत होते.

आता मे महिन्यातल्या त्या तीन रात्रींबद्दल लिहायला हवं.

वीज गेलेली. कूलर बंद पडला की आमच्याकडे भिंती आग ओकतात. लेक दिवसभराची दमून पडलेली. पोरगं रडत होतं. मी बॅटरीच्या उजेडात सगळं पाहिलं. टाच भोकातून दिसत होती, बोटं गुलाबी, मोज्याला सुरकुती नाही. बुटाचा दोष नव्हता. अशा वेळी काय करायचं ते आम्हाला सांगितलेलं होतं. सगळं ठीक असेल तर बूट काढायचे नाहीत. रडलं की सुटतात, हे बाळाला एकदा कळलं की ते रोज रडतं. मला ते तोंडपाठ होतं. तरी मी पट्टे सोडले. दांडीसकट बूट खाटेखाली ठेवले आणि मार्चपासून वर गुंडाळून ठेवलेली झोळी सोडली. दांडीमुळे तो झोळीत मावत नव्हता. त्या रात्री मावला. दोन झोक्यांत झोपला. पहाट व्हायच्या आत मी बूट पुन्हा चढवले. अशा तीन रात्री.

चौथ्या दिवशी सकाळी लेकीनं बूट पाहिले. मधला पट्टा दुसऱ्या छिद्रात होता. अंधारात माझ्याकडून निळा ठिपका चुकला होता. तिनं पट्टा सोडला, तिसऱ्यात घातला आणि चहा ठेवायला गेली. त्या रात्रीपासून ती माझ्या खाटेशेजारी खाली सतरंजी टाकून झोपू लागली. नागपूरला डॉक्टरांनी विचारलं, किती तास घालता? ती म्हणाली, तेवीस. मी शेजारी उभी होते.

तो आता अडीच वर्षांचा आहे. अंगणात कोंबड्यांमागे धावतो. पाय पुन्हा वळला नाही. पण त्या तीन रात्रींनी काही बिघडलं नाही म्हणजे मी बरोबर केलं असं होत नाही. बिघडलं असतं तर चूक केली असं मी नक्की म्हटलं असतं, आणि हा हिशेब मला खरा वाटत नाही. त्या रात्री मला त्याचं रडणं सोसवलं नाही, की माझंच काही? लेक २३ तास सोसत होती, आणि तिचं प्रेम माझ्यापेक्षा कमी नव्हतं. की तिला रात्री उठवून विचारण्याची मला लाज वाटली? तिनं डॉक्टरांपुढं मला वाचवलं की स्वतःला, हेही मी विचारलेलं नाही. आणि झोळीत तो झोपला तेव्हा त्याचे सुटे पाय कसे होते, आत वळत होते की बाहेर, तेही मला सांगता येणार नाही. अंधार होता आणि झोळीत पाय दिसत नाहीत.

आज तो कोसऱ्याहून, लेकीच्या घरून, माझ्याकडे मुक्कामाला आलाय. बुटांची पिशवी लेकीनं त्याच्या कपड्यांच्या वर ठेवली होती. बूट नवे आहेत, मोठ्या मापाचे. साडेआठला चढवले. निळा ठिपका आता चौथ्या छिद्रावर आहे.