येझदी

ताईच्या लग्नाच्या खर्चासाठी १९८४ साली वडिलांनी आपली येझदी विकली, तेव्हा मी नववीत होतो. पुढे १९९६ मध्ये म्हैसूरचा तो कारखानाही बंद पडला. गेल्या उन्हाळ्यात इथे हैदराबादेत, राणीगंजच्या एका गल्लीत, तशीच एक गाडी मिळाली. किंमत घरी निम्मीच सांगितली.

मिस्त्री म्हणाला, "साब, पूरी नई कर देतूं."

वडिलांच्या गाडीचा गर्द तांबडा रंग डोळ्यांपुढे आला. होकार देणार, तोच हात टाकीवर गेला. लहान मूल बसते त्या जागी कुणीतरी खिळ्याने कोरले होते : अलिफ, बे, पुढचे अक्षर अर्धेच. (धपाटा बसला असावा!) माझीही जागा तीच असे. ही गाडी आमच्या वडिलांची नव्हे, दुसऱ्या कुणाच्या तरी वडिलांची होती.

"रंग नको," मी म्हणालो.

"नक्को बोले तो नक्को!" आपला 'नको' त्याच्या दखनीत केव्हाचाच मुरलेला.

इंजिन तेवढे खोलून दुरुस्त करून घेतले. पेट्रोलमध्ये ऑइल जरा जास्तच पडले. दोन्ही नळ्यांतून निघालेला निळा धूर शेजाऱ्यांच्या वाळवणापर्यंत पोचला. किक आणि गियरचा दांडा एकच. पाय ते विसरला नव्हता.