जुन्या कॅम्पर व्हॅनची थंड हवा

लाखनी,
वैशाख

स्नेही मित्रवर्य,


नागझिऱ्याच्या प्रवासासाठी आपण घेतलेल्या जुन्या कॅम्पर व्हॅनचा एसी गार हवा देत नाही आणि ‘गॅस संपला, भरून घ्या’ असे सांगण्यात आले, हे आपल्या पत्रावरून कळले. या निर्वाळ्याचा सविस्तर परामर्श घेणे आवश्यक आहे, कारण नवतप्यात पारा 45 अंशांच्या आसपास जात असताना नागपूर–रायपूर महामार्गावर अशा गाडीत मुले आणि वृद्ध बसणार असतील, तर चुकीचे निदान त्यांच्या प्रकृतीवर बेतू शकते.

गॅस हे इंधन नसल्यामुळे तो वापराने संपत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस फिरत राहतो. इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीमागील कन्डेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून निघताच त्याचा दाब उतरतो आणि कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायू होताना तो गाडीतील उष्णता शोषून घेतो. म्हणून गॅस कमी झाला असेल, तर तो कुठून तरी गळाला आहे, हे गृहीत धरूनच पुढे गेले पाहिजे.

तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. भंडारा जिल्हा हा धानाचा प्रदेश असून उन्हाळी धानाची मळणी याच दिवसांत चालते, त्यामुळे रस्त्यावर उडणारा भुसा, धूळ आणि किडे कन्डेन्सरच्या पातळ पात्यांमध्ये अडकतात आणि बाहेरून जाळी स्वच्छ दिसली तरी आतून हवा जात नाही. पाते वाकणार नाही अशा मंद धारेने, आतल्या बाजूने बाहेर, ती धुवावी. गाडी उभी असतानाच एसी निकामी होऊन वेगात ती चांगली गार होत असेल, तर दोष बहुधा कन्डेन्सरच्या पंख्यात असतो. झोतच मंद असेल, तर केबिन फिल्टर, ब्लोअर आणि कॉइलवर साचलेली धूळ पाहावी.

त्यानंतर वीज आणि पट्टा यांकडे वळावे. एसी सुरू करताच कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ‘टक्’ असा आवाज येऊन मॅग्नेटिक क्लच, म्हणजे विद्युतचुंबकाने कॉम्प्रेसरला पट्ट्याच्या चाकाशी जोडणारी चकती, पकडली पाहिजे. ती पकडत नसेल, तर फ्यूज, रिले, अर्थिंग आणि उंदरांनी कुरतडलेल्या तारा तपासाव्यात. गॅस फारच कमी झाल्यास प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला वाचवण्यासाठी स्वतःच क्लचची वीज तोडतो, हेही लक्षात ठेवावे.

येथवर सारे ठीक असेल तरच गेज लावावा, आणि तोही एसी चालू असताना वाचावा. बंद गाडीत आर-134ए या गॅसचा दाब केवळ तापमानावर ठरतो. 40 अंशांना तो चौरस इंचाला सुमारे 133 पौंड असतो आणि नळ्यांत थोडा जरी द्रव शिल्लक असला, तरी आकडा तोच दिसतो, म्हणून त्यावरून गॅस पुरेसा आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. चालू एसीत दोन्ही बाजूंचे दाब कमी असल्यास गॅस गळाला असावा. वरचा दाब अवाजवी चढल्यास कन्डेन्सरला हवा मिळत नाही किंवा गॅस जास्त भरला गेला आहे. वरचा कमी आणि खालचा जास्त असल्यास कॉम्प्रेसर झिजला आहे.

गळती साबणाच्या फेसाने किंवा नायट्रोजनच्या दाबाने शोधावी. दाबाची साधी हवा भरू नये, कारण ती आत ओलावा नेते आणि हवेत मिसळलेला आर-134ए दाबाखाली पेटू शकतो. दुरुस्तीनंतर ड्रायर, म्हणजे ओलावा शोषणारी नळकांडी, बदलून व्हॅक्यूम मारावा, कारण निर्वात स्थितीत उरलेले पाणी साध्या तापमानालाच उकळून निघून जाते. त्यानंतर गॅस अंदाजाने न भरता बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅममध्ये वजन करून भरावा. गाडी आर-12 च्या काळातील असेल, तर ओझोन थरासाठी 1987 मध्ये झालेल्या मॉन्ट्रियल करारानंतर तो गॅस मागे पडला असल्याने, आर-134ए वापरताना तेल, ड्रायर आणि ओ-रिंग बदलणे अपरिहार्य ठरते. आर-134ए ओझोनला घातक नसला तरी त्याचा तापवर्धक परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट असल्यामुळे, गळती न शोधता दरवर्षी गॅस भरणे हे खिशाबरोबर हवेचेही नुकसान आहे.

हे सारे इंजिनवर चालणाऱ्या एसीचे झाले; मुक्कामाच्या वेळी लावायच्या छतावरील एसीची अडचण वेगळी असते. एक टनाचा एसी साधारण 1,200 वॅट घेतो, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे 100 अँपिअर, आणि अशा भाराखाली 100 अँपिअर-तासांची बॅटरी एक तासही टिकत नाही. म्हणून तो 230 व्होल्टच्या बाहेरील जोडणीवर किंवा जनरेटरवरच चालवावा आणि पत्र्याच्या छताला आतून उष्णतारोधक अस्तर द्यावे.

मित्रवर्य, लाखनीतून पुढे जाण्यापूर्वी कन्डेन्सर धुऊन, पट्टा आणि पंखा पाहून, गळती शोधूनच गॅस भरून घ्यावा, आणि तोवर दुपारचा प्रवास टाळावा, ही कळकळीची विनंती.

आपला स्नेहांकित