तिसऱ्या मजल्यावरची सायकल

जोतिबाच्या डोंगरावरून आलेली सायकल पुसायला घेतली की फडकं आधी गुलाबी होतं आणि मग काळं. गुलाल इतका बारीक असतो की चेनच्या कडीकडीत जाऊन बसतो, तेलात मिसळतो आणि त्याचा लगदा होतो. लेक जुन्या टूथब्रशनं एकेक कडी घासते, पायडल उलटं फिरवून चेन पुढं आणते, पुन्हा घासते. हे सगळं चालतं वारणानगरातल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, आमच्या हॉलमध्ये जुनी वर्तमानपत्रं अंथरून. इमारतीला लिफ्ट नाही.

सायकल घेतली तेव्हा लेक अकरावीत होती. संगमनेरच्या प्रणिता सोमणनं माउंटन बायकिंगमध्ये राष्ट्रीय सुवर्णपदक मिळवल्याचं तिनं कुठंतरी वाचलं आणि ते डोक्यात बसलं. साधी गिअरची सायकल घे, कॉलेजला जायला पुरे, असं मी म्हणत होतो. तिचं उत्तर एकच, "पप्पा, संगमनेर काय हिमालयात आहे?"

तिचं बरोबर होतं. वारणानगर स्वतः सपाटीवर आहे. एका बाजूला वारणा नदी, पलीकडे सांगली जिल्हा, चहूकडे ऊस. पण कोडोली, पोखले करत गिरोलीच्या घाटाला लागलं की चढ छातीवर येतो. वर जोतिबा, पुढं पन्हाळा आणि पन्हाळ्याच्या पश्चिमेला मसाई पठार. जुलै 1660 मध्ये सिद्दीचा वेढा चुकवून शिवाजी महाराज विशाळगडाकडं निघाले ती वाट याच भागातून जाते. पठारावर जांभा दगड आहे, उन्हाळ्यात पायाला टोचणारा आणि पावसाळ्यात शेवाळानं निसरडा. तिथं साध्या सायकलचं चाक दहा मिनिटांत आऊट होतं. माउंटन बाइकचा दोन इंचांहून रुंद टायर कमी हवेवर चालतो, दगडावर थोडा दबतो आणि त्याला धरून ठेवतो. पुढचा शॉकअप हाताला बसणारे दणके खातो. हे सगळं लेकीला पाठ होतं. सायकल ठेवायची कुठं, याचा विचार मात्र आमच्यापैकी कोणीच केला नव्हता.

माझ्या लहानपणी असा प्रश्नच नव्हता. कोडोलीच्या आमच्या घराला सोपा होता. वडिलांची काळी सायकल तिथं स्टँडवर उभी असायची आणि आल्यागेल्याच्या दोन-तीन सायकली भिंतीला टेकलेल्या. वारणानगर वाढलं ते सहकारावर. तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला साखर कारखाना, मग 1964 चं महाविद्यालय, दूध संघ, 1983 चं अभियांत्रिकी महाविद्यालय. शिकायला आणि शिकवायला बाहेरून माणसं आली आणि हळूहळू इमारती उभ्या राहिल्या. आमच्या इमारतीत बारा फ्लॅट आहेत. खाली पार्किंगमध्ये चारचाकीला पिवळे पट्टे, दुचाकीला पांढरे. सायकलसाठी एकही रेघ नव्हती. नकाशा काढणाऱ्याला सायकल आठवलीच नसावी. मला हे आजही खटकतं.

पहिला महिना सायकल खालीच होती. माउंटन बाइकला स्टँड नसतो, त्यामुळं ती मीटरच्या पेटीजवळ भिंतीला टेकवलेली. कोणी स्कूटर काढताना तिला सरकवायचं, कोणी हँडलात अडकायचं. इमारतीतली लहान मुलं उभ्या सायकलचे गिअर खटाखट बदलायची. मग सकाळी पायडल मारलं की चेन उडायची. पोरांचा दोष नव्हता. सायकल फिरती असतानाच गिअर पडतो, हे त्यांना कोण सांगणार? मग एका सकाळी सीट गायब. अशा सायकलची सीट पान्याशिवाय, नुसत्या खटक्यानं निघते, आणि ती सोय चोरालाही उपयोगी पडली.

त्या दिवशी लेक काही बोलली नाही. संध्याकाळी तिनं सायकल खांद्यावर घेतली आणि वर आणली.

साडेचौदा किलो हे वजन ऐकायला जड वाटत नाही. पण 720 मिलिमीटर रुंद हँडल आणि जेमतेम तीन फुटांचा जिना, त्यातही दर मजल्याला दोन वळणं. पहिल्या आठवड्यात तिच्या पोटरीवर चेनच्या चक्राच्या दातांचे काळे ठसे उमटले आणि जिन्याच्या रंगावर टायरचे. मग तिला युक्ती सापडली. चेनची बाजू अंगापासून लांब ठेवायची, वरचा दांडा उजव्या खांद्यावर घ्यायचा आणि वळणावर सायकल मागच्या चाकावर उभी करायची. हँडल वर जातं, वळायला जागा कमी लागते आणि मग दोन्ही ब्रेक धरून तिला सोबत फिरवायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पहिल्यांदा बघून म्हणाल्या, "अगं बाई, म्हैस चढवल्यागत चढवतीस की!" पुढं त्याच काकू पावलांचा आवाज ओळखून आपल्या दारातल्या चपला बाजूला घ्यायला लागल्या.

वर आणली तरी घरात जागा नव्हती, म्हणून आम्ही ती दाराबाहेर, जिन्याच्या चौकात ठेवली. आठ दिवसांत सोसायटीचे सेक्रेटरी आले. चहा घेतला आणि शांतपणे सांगितलं, की जिना सगळ्यांचा आहे, रात्री लाइट गेली आणि आग लागली तर माणसं याच वाटेनं पळणार. अग्निसुरक्षेचा कायदा राज्यात 2006 चा आहे, पण त्यांना कायदा काढायची गरज पडली नाही. चौथ्या फ्लॅटमधल्या आजोबांना अंधारात कसं दिसतं, एवढंच त्यांनी विचारलं. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. सायकलवाल्याला जागा मागायचा हक्क आहे, पण दुसऱ्याची सुटकेची वाट अडवून नाही.

मग भिंत. विटांच्या भिंतीत नुसता खिळा ठोकून भागत नाही, प्लास्टरसकट उपटून येतो. गवंड्यानं ठोकून बघत बीम शोधला आणि त्यात अँकर बोल्ट बसवला. कोडोलीत एका वेल्डिंगवाल्यानं सळई वाकवून हूक करून दिला. रिमला चरे पडू नयेत म्हणून लेकीनं त्यावर जुन्या ट्यूबचं रबर चढवलं. पुढचं चाक हुकात, मागचं खाली भिंतीला टेकलेलं. उभ्या टांगलेल्या सायकलला जमिनीवर थोडीच जागा पुरते. टीव्हीशेजारी ती टांगली गेली आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिच्याकडं बघायला लागला.

माझ्या आईनं सायकलला घरातलंच माणूस मानलं. त्यातून एकदा भलतंच झालं. पावसाळ्यात डिस्क ब्रेक ओले होऊन कुंई करत होते. आईला वाटलं, चाक कुरकुरतंय. दुपारी नात कॉलेजला गेल्यावर तिनं शिलाई मशिनच्या तेलाची बाटली घेतली आणि प्रेमानं त्या चकचकीत चकतीवर चार थेंब सोडून फडक्यानं सगळीकडं पसरवले. आवाज खरंच थांबला. दुसऱ्या दिवशी पहाटे लेक नेहमीप्रमाणं खाली कंपाउंडमध्ये ब्रेक तपासायला गेली. लिव्हर पूर्ण दाबली तरी चाक फिरतच राहिलं. डिस्क ब्रेक घर्षणावर चालतो. चकतीला तेलाचा हात लागला की पॅड ते पिऊन टाकतात आणि मग नुसतं पुसून काही होत नाही. तिनं चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतली आणि पॅड नवे घातले. गिरोलीच्या उतारावर हे कळलं असतं तर, या विचारानं मला दोन रात्री झोप नव्हती. आई रडली. नातीनं तिला समोर बसवून दाखवलं, "आज्जी, चेनला तेल, चकतीला नाही." तेव्हापासून चेनला तेल आईच घालते, एका कडीला एक थेंब, जपमाळ ओढावी तसं.

या सायकलच्या जातीचा इतिहासच मुळी ब्रेकशी जोडलेला आहे. 21 ऑक्टोबर 1976 रोजी कॅलिफोर्नियात, मरीन काउंटीतल्या फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन उतारावर शर्यत लावली. तीन किलोमीटरहून थोड्या जास्त अंतरात जवळपास चारशे मीटर उतार. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, पायडल उलटं दाबून लागणारे. खाली पोचेपर्यंत ते इतके तापायचे की आतलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर नवं भरावं लागायचं. त्या उताराचं नावच 'रीपॅक' पडलं. पुढच्याच वर्षी त्यांच्यातल्या जो ब्रीझनं खास डोंगरासाठी सायकल बांधली आणि 1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. लेकीनं ही गोष्ट आज्जीला सांगितली तेव्हा आई म्हणाली, "म्हंजे ब्रेक बिघडवणारी मी पहिली न्हवं." त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळी झाली.

चिखलाचा प्रश्न राहिला होता. ऊसपट्ट्यातली काळी माती टायरला चिकटली की जिनाभर सांडते, आणि मावशींना जिना दोनदा झाडावा लागायचा. आता खालच्या नळावर दोन बादल्या पाणी, एक ब्रश आणि एक गोणपाट एवढं ठरलेलं आहे. पाण्याची धार मारायची नाही, हबच्या बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं. टायर गोणपाटावर फिरवून कोरडे करायचे, मगच पहिली पायरी. बाभळीचा काटा आणि सराटे तिथंच बोटांनी चाचपून काढायचे. ट्यूबमध्ये जायच्या आधी सापडला तर काटा, नाहीतर पंक्चर.

गेल्या दिवाळीआधी पार्किंगचे पट्टे नव्यानं मारायचे ठरले. सभेत लेकीनं मीटरच्या पेटीपलीकडची अडीच फूट रुंदीची पट्टी मागितली, जिथं कुठलीच स्कूटर मावत नाही. तिनं माप घेतलेला कागद सोबत नेला होता. सेक्रेटरींनी तो वाचला आणि भिंतीत लोखंडी नळी बसवायचा खर्च सोसायटीच्या खात्यातून मंजूर करून घेतला. आज त्या नळीला पाच सायकली साखळीनं बांधलेल्या असतात. त्यातल्या दोन, गिअर खटखटवणाऱ्या पोरांच्या. शाळेतून आली की ती खालूनच हाक मारतात, "ताई, हवा बघ की!"

तिची स्वतःची मात्र अजून वरच राहते. रविवारी पहाटे साडेपाचला हुकावरून चाक सुटल्याचा आवाज येतो, मग दार हळूच ओढल्याचा. मी डोळे मिटूनच पडलेला असतो. उतरताना ती सायकल उचलत नाही, मागच्या चाकावर धरून पायरी-पायरीनं सोडते आणि फ्रीव्हील टिकटिक करत जातं. तिसरा मजला, वळण, दुसरा मजला. काकूंच्या दाराशी ते थांबतं, कारण काकूंची झोप सावध आहे. तिथून पुढं ती सायकल खांद्यावर घेते.

मग खालचं फाटक वाजतं.