आडनाव काय?

शेवटच्या सेमिस्टरला सहा महिन्यांचं ट्रेनिंग पुण्यात मिळालं तेव्हा हॉस्टेलवर सगळ्यांनी काय काय शिकवलं! रेझ्युमे कसा लिहावा, टाय कसा बांधावा, साहेबांसमोर किती बोलावं... पण रूम कशी शोधावी हे काही कोणी सांगितलं नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

मी तेलगावचा. बीड-परळी रस्ता आणि माजलगाव-धारूर रस्ता जिथं एकमेकांना छेदतात ते आमचं गाव. जवळच लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना. सीझन आला की आमच्याकडचे हजारो लोक कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडं जातात आणि पाचटाच्या कोपीत चार-पाच महिने काढतात. त्याच वेळी आमच्या कारखान्यावर बाहेरची माणसं येतात. पोटासाठी गाव सोडणं आमच्यासाठी नवं नाही. पण आपण जाऊ तिथं दार उघडलं जाईलच असं नाही, हे मला पुण्यात कळलं.

बरोबर माझा रूम पार्टनर होता. फर्स्ट इयरला नोटीस बोर्डावर यादी लागली, एका खोलीपुढं आमची दोघांची नावं. तो लातूरचा, मुसलमान. चार वर्षं एका बादलीनं आंघोळ केली, एका नोट्सवर पास झालो. पुण्यातही एकत्रच राहायचं ठरलं. स्टायपेंड प्रत्येकी बारा हजार. दोघांत आठ हजारांच्या वर भाडं परवडणार नव्हतं.

हिंजवडीच्या आसपास तीन दिवस फिरलो. कुठं 'बॅचलर नको', कुठं 'फक्त शाकाहारी', तर एजंटला एका महिन्याचं भाडं आधीच हवं. बीडचं नाव काढलं की काहींच्या भुवया वर. हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं.

तिसऱ्या दिवशी वाकडला एक काका भेटले. खोली मस्त, गॅलरी, बस स्टॉप समोर, भाडं साडेसात हजार. काकूंनी चहा दिला. मग काकांनी सहज विचारलं, "आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. पार्टनरनं सांगितलं. काकांनी कप खाली ठेवला. पार्टनर चपला घालायला बाहेर गेला तसे ते हळूच म्हणाले, "तू एकटा असशील तर उद्यापासून ये. आमचं काही नाही रे, पण बाकीचे लोक..."

इथं मी ताडकन उठलो असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी म्हणालो, "सांगतो काका."

खाली आलो. पार्टनरनं काही विचारलं नाही. बस स्टॉपवर म्हणाला, "घे तू ती रूम. माझं होईल काहीतरी." त्याच्या आवाजात राग नव्हता. याची त्याला सवय होती, आणि हेच मला जास्त लागलं.

रात्री सीनिअरच्या खोलीत, खाली चटईवर पडलो. झोप येईना. काकांचा राग येत होता आणि अचानक आमची माडी आठवली.

मी आठवीत होतो. कारखान्यावर सीझनपुरता कामाला लागलेला एक माणूस बायको-लेकरासह आमच्या माडीवरची खोली बघायला आला. अण्णांना माणूस आवडला होता. भाडंही ठरत आलं होतं. तेवढ्यात आजीनं आतून विचारलं, "आडनाव काय म्हणलं पाव्हण्याचं?" त्यानं सांगितलं. आजी गप्प, अण्णा गप्प. "उद्या कळवतो," म्हणून त्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी निरोप द्यायला मला धाडलं. 'आमचे पाहुणे राहायला येणारेत' असं सांगायचं. मी सायकलवर गेलो, सांगितलं आणि आलो. पाहुणे कोणी आले नाहीत. त्या खोलीत सीझनभर सरकीची पोती होती.

म्हणजे दाराच्या आतून 'नाही' म्हणणाऱ्यांत मीसुद्धा होतो. वाकडच्या काकांनी निदान स्वतः तरी सांगितलं!

१९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदा संस्थानात नोकरीला गेले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढलं. दोन मित्रांकडं गेले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही टाळलं. कामाठी बागेत पाच तास बसून त्यांनी रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. ही हकिगत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. परीक्षेपुरती मी ती वाचली होती. त्या रात्री चटईवर ती कळली.

सकाळी काकांना फोन केला. "काका, आम्ही दोघं आहोत." पलीकडून "बरं" आलं आणि फोन ठेवला गेला.

शेवटी जुन्या गावठाणात एक खोली मिळाली. पत्र्याची, गॅलरी नाही, कंपनीला दोन बस. घरमालकीण आजी म्हणाल्या, "भाडं पाच तारखेला. पाणी सकाळी सहाला येतं, भरून ठेवायचं." आडनाव विचारलं ते फक्त करारावर लिहायला! शेजारी बिहारचे रंगकाम करणारे, पलीकडं नांदेडचं कुटुंब, वर केरळची एक नर्स. रात्री अकराला गल्लीत दिवे असतात, ओट्यावर बायका बसलेल्या असतात. सुरक्षित वस्ती म्हणजे गेट आणि वॉचमन असं मला वाटायचं. ज्या गल्लीत सगळे एकमेकांना ओळखतात तीच सुरक्षित, हे तिथं कळलं.

ज्युनिअर्ससाठी दोन गोष्टी. वस्ती दिवसा बघाल तशी रात्रीही बघा, शेवटची बस किती वाजता ते विचारा. आणि करार लेखी, नोंदणी केलेलाच हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. तोंडी बोलण्यावर डिपॉझिट देऊ नका.

तिसरी गोष्ट कायद्यात बसणारी नाही. ट्रेनिंग संपल्यावर घरी फोन केला तेव्हा अण्णांना माडीवरच्या त्या माणसाची आठवण करून दिली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खोली रिकामीच आहे. सीझनला कोणी आलं तर तूच बोल त्याच्याशी."

दिवाळीला घरी जाणार आहे. सरकीची पोती आधी खाली आणायची आहेत.