रोपांच्या उबदार पेटीविषयी भाच्यास पत्र

अंबाजोगाई, जि. बीड



कलिंगडाच्या रोपांसाठी बल्बची पेटी करून तिला आपोआप चालू-बंद होणारा तापमान-नियंत्रक जोडावा काय, हा तुझ्या पत्रातील प्रश्न रास्त आहे. कारण चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी अलीकडे सरकत सध्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो, आणि त्या बाजारात फळ न्यायचे तर बी ऐन थंडीच्या तोंडाशी टाकावे लागते. कलिंगडाच्या बियाण्याला उगवणीसाठी २५ ते ३० अंश सेल्सिअस ऊब मानवते व १५ अंशांखाली ते बहुधा जागीच कुजते, तर पाटोदा-आष्टीकडील बालाघाटाच्या माथ्यावर थंडीच्या रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. बी टाकलेले कोकोपीटचे ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकच्या कागदात तीन-चार दिवस गुंडाळून ठेवण्याची रोपवाटिकांतील रीत याच अडचणीतून आली असून पेटी हे तिचेच पुढचे पाऊल होय.

नियंत्रक विकत घेण्याआधी पेटीतून उष्णता किती निसटते याचा हिशेब मांडावा. सहसा हा क्रम उलटा होतो आणि बोल मात्र बिचाऱ्या नियंत्रकाला लागतो. ४ फूट लांब, २ फूट रुंद व दीड फूट उंच पेटीचे सर्व बाजूंचे क्षेत्रफळ सुमारे ३ चौरस मीटर भरते, आणि तिला सगळीकडून ५ सेंटिमीटर जाडीचा थर्मोकोल लावल्यास, बाहेर ११ अंश असताना आत २८ अंश राखण्यास ४०-४५ वॅट पुरतात. तेच वरचे झाकण पातळ प्लास्टिकचे ठेवले, तर त्या एकट्या झाकणातून सुमारे ७० वॅट निघून जातात व एकूण खर्च दुपटीवर जातो. अंकुर वर येईपर्यंत उजेडाची गरज नसल्याने थर्मोकोलचे झाकण बंद ठेवण्यात तोटा काहीच नाही. ऊब देण्यासाठी तारेचे जुने पिवळे बल्बच हवेत, एलईडी उपयोगाचे नाहीत. त्यातही ६० वॅटच्या एकाऐवजी ४० वॅटचे दोन लावावेत, म्हणजे रात्री एक उडाला तरी दुसरा पेटी बरीचशी सांभाळतो. बल्ब आणि थर्मोकोल यांच्या मध्ये पत्रा असावा, कारण थर्मोकोल थोड्याच आचेने मऊ पडतो.

नियंत्रकाचे काम साधे आहे. थर्मिस्टर, म्हणजे तापमान वाढले की ज्याचा विद्युतरोध घटतो असा मणी, आतली ऊब मोजतो; आणि रिले, म्हणजे लहानशा प्रवाहाने चुंबक जागवून मोठ्या प्रवाहाची वाट जोडणारा-तोडणारा स्विच, बल्ब चालू-बंद करतो. चालू होण्याचा व बंद होण्याचा अंश एकच ठेवला तर रिले सतत टकटकत राहून त्याचे संपर्क लवकर जळतात, म्हणून २७ अंशांना चालू व २९ अंशांना बंद असे अंतर राखावे. बाजारात मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या डब्ल्यू-१२०९ या तयार नियंत्रक-पट्टीत गरम करणे आणि थंड करणे असे दोन पर्याय असतात. चुकून थंड करण्याचा पर्याय राहिला, तर पेटी तापल्यावर बल्ब लागतो आणि ती आणखी तापत जाते. बी टाकण्यापूर्वी मणी मुठीत धरून बल्ब विझतो की नाही हे पाहावे. पुढे तो मणी पेटीच्या भिंतीवर न चिकटवता मधल्या ट्रेच्या कप्प्यात, बियाण्याच्या खोलीवर खोचावा. हवा लवकर तापते, ओले कोकोपीट मागाहून.

१७ व्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबवण्याच्या भट्टीला पाऱ्याच्या चढउताराने उघडझाप करणारे झाकण बसवले, तेव्हा निदान तुटायला तार नव्हती. घरी जुळवलेल्या साध्या मंडलात थर्मिस्टरची तार तुटली, तर नियंत्रकाला तो अतिशय थंडावा वाटतो व बल्ब अखंड जळत राहतात. म्हणून बल्बच्या वाटेतच ४५ अंशांना आपोआप तुटणारा द्विधातू स्विच, म्हणजे दोन धातूंच्या पट्टीच्या वाकण्यावर चालणारा, वेगळा घालावा. ओलाव्यामुळे २३० व्होल्टचे सर्व जोड पेटीबाहेर ठेवून ३० मिलिॲम्पिअर गळतीला वीज तोडणारे उपकरणही बसवावे. यातले काहीही खर्च वाचवण्यासाठी गाळू नये.

शेतीपंपांच्या वाहिनीवर वीज पाळीने येत असल्याने पेटी गोठ्यात किंवा विहिरीवर न ठेवता घरात ठेवणे बरे. तरीही वीज गेलीच, तर आत ठेवलेले बाटल्यांतील २० लिटर पाणी उष्णता धरून राहते आणि वरील मापाच्या पेटीत तापमान ताशी साधारण २ अंशांच्याच गतीने उतरते. निम्मे अंकुर दिसताच ट्रे उजेडात काढावेत. उबेत अंधारात राहिलेली रोपे लांबुळकी होऊन मान टाकतात.

रेशमाच्या चॉकीसाठी, म्हणजे अळ्यांच्या पहिल्या दोन अवस्थांच्या संगोपनासाठी, हीच पेटी पुढे वापरण्याचा पत्रातील विचार मात्र सोडावा. त्या अळ्यांना ऊब जवळपास तेवढीच लागते, पण कीटकनाशकाचा अंशही सोसत नाही, आणि कलिंगडाचे बी बहुधा औषध लावलेले येते. नियंत्रक तिकडे न्यावा, मात्र पेटी नवी करावी व मणीही नवा लावावा.

कळावे,
मामांचे आशीर्वाद.