नवी जमीन, जुनी गुलामगिरी

ती. ताईस,


१७८३ च्या पॅरिस तहाने ब्रिटनने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य केले, तेव्हा तेरा राज्यांच्या या देशाची पश्चिम सीमा मिसिसिपी नदी होती. पुढच्या सत्तर वर्षांत ती पॅसिफिक महासागराला भिडली आणि देशाचे क्षेत्रफळ तिपटीहून अधिक झाले. प्रत्येक नव्या मुलखाबरोबर एकच प्रश्न पुन्हा उभा राहिला: इथे माणूस म्हणून कोणाला जगता येणार? अमेरिकेतल्या मोठ्या सुधारणा चळवळी या प्रश्नाशी झुंजतच घडल्या.

सुरुवात आशादायक होती. १७८७ च्या नॉर्थवेस्ट अध्यादेशाने ओहायो नदीच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी घातली. तिथल्या एखाद्या प्रदेशात ६०,००० स्वतंत्र रहिवासी झाले की त्याला जुन्या राज्यांच्या बरोबरीने संघराज्यात घ्यायचे, असेही ठरले. १८०३ मध्ये अध्यक्ष जेफरसन यांनी फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला लुइझियाना घेतले. सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर मुलूख हाती आला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींना कोणी विचारले नाही.

त्याआधी, १७९३ मध्ये, एली व्हिटनी याने कापसातली सरकी झपाट्याने काढणारे यंत्र बनवले होते. त्यामुळे आखूड धाग्याचा कापूस किफायतशीर झाला आणि दक्षिणेतले मळेवाले गुलामांना घेऊन नव्या जमिनींकडे सरकू लागले. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणायला बंदी होती, पण देशातल्या देशात खरेदी-विक्री चालूच राहिली. व्हर्जिनियातली माणसे अलाबामा-मिसिसिपीच्या मळ्यांवर विकली जात. नवरा-बायको, आई-मुले यांची कायमची ताटातूट होई. १७९० मध्ये सुमारे ७ लाख असलेले गुलाम १८६० मध्ये ४० लाखांच्या घरात गेले. १८२० च्या तडजोडीने मिसुरी गुलामगिरीचे आणि मेन गुलामगिरीमुक्त राज्य ठरले, आणि लुइझियानाच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरी नाकारली गेली. रेघ ओढली गेली, पण तंटा मिटला नाही.

कापसाच्या जमिनीची हाव जॉर्जिया आणि परिसरातल्या चेरोकी आदिवासींवर कोसळली. सेक्वोया या चेरोकी कारागिराने १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठी लिपी घडवली. प्रत्येक उच्चारखंडाला एक चिन्ह. १८२७ मध्ये चेरोकींनी लिखित राज्यघटना केली, १८२८ मध्ये चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत वृत्तपत्र काढले. तरीही आदिवासींना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा १८३० मध्ये प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी मंजूर झाला. त्याविरुद्ध कॅथरिन बीचर यांच्या पुढाकाराने ठिकठिकाणच्या स्त्रियांनी सह्या गोळा करून अर्ज धाडले. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे सॅम्युएल वूस्टर यांनी चेरोकी भूमीवर राहण्यासाठी जॉर्जियाचा परवाना घ्यायला नकार दिला, म्हणून त्यांना चार वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. चेरोकी भूमीवर जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८३२ मध्ये दिला, तरी चेरोकींचे घर वाचले नाही. १८३८-३९ मध्ये सुमारे १६,००० चेरोकींना आजच्या ओक्लाहोमाकडे नेण्यात आले. छावण्यांत आणि वाटेवर सुमारे ४,००० दगावले, असा अंदाज आहे.

अर्जांची ती मोहीम हरली, पण स्त्रियांना सार्वजनिक कामाची वाट सापडली. १८३३ मध्ये स्थापन झालेल्या गुलामगिरीविरोधी संघटनेसाठी त्यांनी दारोदार फिरून सह्या जमवल्या. अर्जांचा एवढा पूर आला, की १८३६ मध्ये प्रतिनिधिगृहाने ते चर्चेला न घेण्याचाच नियम केला. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स त्याविरुद्ध झगडत राहिले आणि १८४४ मध्ये तो रद्द झाला. १८४० च्या लंडनमधल्या गुलामगिरीविरोधी परिषदेत स्त्रियांना प्रतिनिधी म्हणून बसू दिले नाही. तिथे भेटलेल्या ल्युक्रिशिया मॉट आणि एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी इतर मैत्रिणींसह जुलै १८४८ मध्ये सेनेका फॉल्स इथे स्त्रीहक्कांची परिषद भरवली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या धर्तीवर लिहिलेल्या मागण्यांवर ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या. गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी मताधिकाराच्या ठरावाला जोरदार पाठिंबा दिला.

वूस्टर ज्या बोर्डाचे होते, त्याच बोर्डाचे मिशन १८१३ पासून मुंबईत होते आणि पुढे ते नगरला पोहोचले. नगरमध्ये सिंथिया फरार यांनी चालवलेली मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली आणि त्याच १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा काढली.

१८४८ मध्येच अमेरिकेला मेक्सिकोकडून कॅलिफोर्नियासह मोठा मुलूख मिळाला आणि गुलामगिरीचा वाद पुन्हा पेटला. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने मिसुरीची रेघ पुसली, १८६१ मध्ये यादवी युद्ध जुंपले आणि १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केला. तो गौरव रास्त होता. पण सर्वांना न्याय मिळाला नव्हता. स्त्रियांना देशभर मताधिकारासाठी १९२० पर्यंत थांबावे लागले आणि चेरोकींना जॉर्जियातली जमीन परत मिळालीच नाही.



तुझा,
धाकटा भाऊ