पन्नास लिलाव, साक्षीदार किती?

कांद्याचा भाव पडला की कारण ठरलेलं: "आवक वाढली." म्हणजे दोष फिरून शेतकऱ्याच्याच माथी, तुम्हीच एवढा माल का आणला! हे वाक्य मी स्वतः कितीतरी बातम्यांत लिहिलंय. मध्यंतरी वाटलं, एकदा आकड्यांनी सिद्धच करू. नेप्ती उपबाजारातल्या ऑक्टोबर २०२३ ते जानेवारी २०२४ च्या लिलावांची आवक आणि सरासरी भाव एक्सेलमध्ये भरले. पन्नासच्या आत-बाहेर लिलाव. भिंगारला घरी बसून रिग्रेशन काढलं (पत्रकारितेच्या डिप्लोम्यात हे नव्हतं, यूट्यूबची कृपा). पी-व्हॅल्यू इतकी बारीक आली की हेडिंग तयार: 'आवकेनेच पाडला भाव'.

पुतणी संख्याशास्त्रात एमएस्सी करते. फाईल बघून म्हणाली, "काका, एरर स्वतंत्र आहेत का तपासलंत?"

एरर म्हणजे रेषेने सांगितलेला भाव आणि प्रत्यक्ष भाव यांतला फरक. सोमवारी अंदाज ज्या बाजूला चुकला त्याच बाजूला गुरुवारी, शनिवारीही चुकत राहिला, तर ते तीन साक्षीदार नाहीत. एकानेच तीनदा दिलेली साक्ष आहे. सॉफ्टवेअर मात्र तीन मोजतं आणि आपली खात्री फुगवून दाखवतं.

तिने एसपीएसएसमध्ये रिग्रेशनच्या खिडकीत डर्बिन-वॉटसनवर टिक केली. दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९५०-५१ मध्ये मांडलेली चाचणी. उत्तर ० ते ४ मध्ये येतं, २ च्या जवळ असेल तर ठीक. माझं शून्याकडे झुकलेलं. त्याआधी मी शीट आवकेप्रमाणे सॉर्ट केली होती, तेव्हा आकडा भलताच आला आणि मी बोलणी खाल्ली. ही चाचणी ओळींच्या क्रमावर चालते. इथे तारखेचा क्रम मोडला की संपलं.

मग तिने एररचा तारखेप्रमाणे ग्राफ काढला. डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत ठिपके रेषेच्या वर, नंतर सगळे खाली. मी तारीख बघितली आणि गप्प बसलो. ८ डिसेंबर २०२३, केंद्राने ३१ मार्चपर्यंत कांदा निर्यातबंदी लावली तो दिवस. माझ्या शीटमध्ये तिचा कॉलमच नव्हता! लाल कांद्याची आवकही त्याच सुमारास वाढते, त्यामुळे बंदीचं खापर आवकेवर फुटलं.

बंदीसाठी ०-१ चा कॉलम टाकला. डर्बिन-वॉटसन सुधारला, पण २ पर्यंत काही गेला नाही. मग पुतणीने आरमध्ये न्यूई-वेस्ट पद्धतीने स्टँडर्ड एरर काढले. आवकेचा परिणाम उरला, पण हेडिंग करण्याइतका ठाम नाही.

बातमी मागे घेतली. डेस्कवरचे वैतागले, "एक कारण सांगा ना!"

आता ४ मे २०२४ ला बंदी उठली त्यानंतरचे लिलाव भरतोय. ४० टक्के निर्यातशुल्काचा कॉलम या वेळी आधीच टाकलाय. कोणाकडे त्या काळातल्या पट्ट्या असतील तर फोटो इनबॉक्स करा. नाव झाका, तारीख दिसू द्या.